राई लोटून काढू नका : श्रमदान करणाऱ्या मंडळांना खुलं पत्र

प्रति,
राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, गगनबावडा, शाहूवाडी आणि पन्हाळा तालुक्यांतल्या देवस्थान समित्या, तरुण मंडळं, तालीम मंडळं, संयुक्त वनव्यवस्थापन समित्या,
आणि पावसाळ्यात डोंगरावर झाडं लावायला जाणारे सगळे

विषय : राईतलं, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या देवराईतलं, गचपण तोडण्याआधी जरा थांबण्याबाबत

स. न. वि. वि.

एप्रिल लागला की मोबाइलवर निरोप फिरू लागतात. "रविवारी सकाळी सातला राईची स्वच्छता. येताना कोयता, खुरपं, विळा आणावा. नाष्ट्याची सोय मंडळाकडून." पोरं जमतात, घाम गाळतात, दुपारपर्यंत राईचा तळ उघडा होतो आणि देवळाच्या पायरीवर फोटो निघतो. त्या पोरांना नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाही. स्वतःच्या खिशातलं पेट्रोल घालून गावाच्या कामाला येणारी माणसं आहेत ती. जत्रेनंतरच्या पत्रावळ्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, फुटक्या बाटल्या त्यांनी उचलल्या नाहीत तर दुसरं कोण उचलणार? माझं म्हणणं त्यापुढच्या कामाबद्दल आहे. कचरा संपला तरी कोयते थांबत नाहीत. करवंदीच्या जाळ्या, तोरणीची झुडपं, खोडावर चढलेल्या वेली, कुजत पडलेली ओंडकी, वर्षभराचा पालापाचोळा, सगळं एका ढिगात येतं आणि संध्याकाळी त्याला काडी लागते.

मोठं झाड एकही तुटलेलं नसतं. त्यामुळं काही बिघडलं असं कुणाला वाटत नाही. उलट राई कशी मोकळी, हवेशीर झाली असंच सगळे म्हणतात. पण राईतल्या गाणाऱ्या पक्ष्यांपैकी कितीतरी जण शेंड्याकडे फिरकतही नाहीत. त्यांचं सगळं आयुष्य तुम्ही ढिगात टाकलेल्या त्या पाल्यात, काट्यात आणि वेलींत जातं.

कधीतरी मे महिन्यात, उजाडायच्या आधी, न झाडलेल्या राईत उभं राहून जमिनीपासून वर कान लावत जा. अगदी तळाला पाचोळ्यात खसफस चालू असते. छातीवर ठिपके असलेला एक लहान तपकिरी सातभाई एकेक पान चोचीनं उलटून खालचे किडे टिपत असतो. त्याचं घरटंही जमिनीवरच, वाळल्या पानांचा गोळा करून बाजूला तोंड ठेवलेलं. नारिंगी डोक्याचा कस्तूर तिथंच चरतो. नवरंग पावसाळ्याच्या तोंडाला येतो तोही तिथंच उतरतो. (शास्त्राच्या काटेकोर भाषेत नवरंग गायक पक्ष्यांत बसत नाही, पण त्याची दोन सुरांची शीळ ऐकल्यावर कुणी एवढा काथ्याकूट करत नाही.) पाचोळा जाळला की या सगळ्यांचं ताट आणि घर एकाच काडीत जातं.

गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या झुडपांत बुलबुल आणि शिंपी असतात. करवंदीची जाळी म्हणजे बुलबुलाला किल्ल्याचा बुरूज. मांजर, मुंगूस, घरटी लुटणारा टकाचोर पक्षी, कुणालाच त्या काट्यांतून सरळ आत शिरता येत नाही. आणखी थोडं वर, पुरुष-दोन पुरुष उंचीला, नाचण शेपटीचा पंखा उघडत फिरतो. स्वर्गीय नर्तक बारीक फांदीच्या बेचक्यात वाटीएवढं घरटं बांधतो. शामा याच सावलीत गातो. तो घरटं करतो झाडाच्या नाहीतर बांबूच्या पोकळीत, पण खातो मात्र खालच्या थरातले किडे. म्हणजे ढोली ठेवली आणि झुडपं काढली तर शामाला राहायला खोली आहे आणि खायला काही नाही. त्याहून वर सुभग, चष्मेवाले, निखार, आणि शेंड्यात हळद्या आणि कोतवाल.

उंचीची ही वाटणी मी माझ्या मनानं केलेली नाही. रॉबर्ट मॅकार्थर नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९५८ साली तिकडच्या सूचिपर्णी जंगलातल्या पाच वटवट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पाचही जण एकाच झाडावर, पाचही जण किडेच खाणारे. तरी कुणी शेंड्याला, कुणी मधल्या फांद्यांत, कुणी बुंध्याच्या बाजूला आपापला भाग धरून होता. तीन वर्षांनी, १९६१ मध्ये, त्यानं आणि जॉन मॅकार्थरनं आणखी सरळ प्रश्न विचारला. जंगलाच्या एखाद्या तुकड्यात पक्ष्यांची विविधता किती असेल हे आधी सांगायचं असेल तर काय मोजावं? झाडांच्या जाती की पाल्याची उंची? त्यांनी पाल्याचे तीन थर धरले : जमिनीपासून दोन फुटांपर्यंत, दोन ते पंचवीस फूट, आणि पंचवीस फुटांच्या वर. या तीन थरांत पाला जितका सारखा वाटलेला, तितकी पक्ष्यांची विविधता जास्त निघाली. पाला कुठल्या उंचीवर किती आहे हे एकदा कळल्यावर झाडांच्या जाती किती आहेत या माहितीनं उत्तरात फारशी भर पडली नाही.

पुढं जगात इतरत्र हे सूत्र तपासलं गेलं तेव्हा ते सगळीकडे तितकं चोख जुळलं नाही. ते साहजिक आहे. आपल्याकडे फुलं-फळं देणारी झाडं कुठली हा प्रश्न मोठा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर आणि पांगारा नसेल तर मधावर जगणाऱ्यांनी जायचं कुठं? जांभूळ, उंबर, अंजनी नसेल तर फळं खाणाऱ्यांचं काय? म्हणून जातींना महत्त्व नाही असं मी म्हणणार नाही. पण आपण जे करतो ते नेमकं उलटं आहे. आपण जातींची पाटी लावतो, झाडांना नंबर देतो, बुंध्याला चुना-गेरू फासतो, आणि दोन ते पंचवीस फुटांमधलं सगळं कापून टाकतो.

मधला थर गेल्यावर काय होतं याचा एक चोख दाखला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला आहे. तिथं हरणं इतकी झाली की जंगलातली रोपं आणि झुडपं ती वाढू देईनात. कुंपणं घालून, आत कमी-जास्त हरणं ठेवून दहा वर्षं हा प्रकार तपासला गेला आणि १९९४ मध्ये निष्कर्ष छापून आले. सगळ्यांत कमी हरणं असलेल्या जागेपेक्षा सगळ्यांत जास्त हरणं असलेल्या जागेत, मधल्या उंचीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या जाती २७ टक्क्यांनी कमी आणि त्यांची संख्या ३७ टक्क्यांनी कमी. जमिनीवर आणि शेंड्यात घरटी करणाऱ्यांत तेवढा फरक दिसला नाही. ज्या उंचीचा पाला गेला, त्याच उंचीचे पक्षी गेले. आपल्याकडे हरणांचं काम कोयता करतो, शेळ्या करतात आणि वणवा करतो. फरक इतकाच की आपला कोयता जमिनीचा थरही सोडत नाही.

याच जागी एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती पक्ष्यांपलीकडची आहे. राईतली झुडपं म्हणून तुम्ही जे तोडता त्यात निम्मी झुडपं नसतातच. ती जांभळीची, पिशाची, फणसाची, हिरड्याची पोरं असतात. कोल्हापूरच्या माणसाला हे तालमीच्या भाषेत लगेच कळेल. वस्ताद आहेत, फोटोला हार घातलेले जुने मल्ल आहेत, पण हौद्यात एकही बारकं पोरगं उतरत नाही, अशी तालीम किती दिवस चालणार? झाडून काढलेल्या राईत दीडशे वर्षांचं झाड वादळात पडलं की त्या जागी यायला कुणी तयार नसतं. मग रोपवाटिकेतून काहीतरी आणून लावावं लागतं, आणि ते काय असतं यावर पुढं बोलतोच.

आता तुमच्या बाजूचं. पहिलं म्हणणं हमखास असतं ते हे : "सर, साफ केल्यापासून पक्षी उलट जास्त दिसायला लागलेत." खरंय, दिसतात. मोकळ्या जागेत साळुंकी, दयाळ, कोतवाल, कावळा लांबून नजरेला येतात. गचपणात राहणारे पक्षी मुळात दिसतच नाहीत, ते ऐकावे लागतात. वाकड्या चोचीचा रानातला सातभाई आपल्यापासून दहा हातांवर जोडीदाराशी सवाल-जबाब करत असतो आणि तासभर शोधूनही पिसाचा तुकडा दिसत नाही. पाच जातींचे चाळीस पक्षी डोळ्यांना दिसणं आणि वीस जातींचे चाळीस पक्षी कानावर येणं यांतला फरक फोटोत येत नाही. त्यातही एक मेख आहे. एखादा नर जोरात गातोय याचा अर्थ त्याला जोडी मिळाली आणि पिल्लं मोठी झाली असा होत नाही. उघड्या राईतही तो चार दिवस गातो, आणि घरटं टकाचोराच्या तोंडी जातं. त्यामुळं गाणी मोजून झाली की जून-जुलैत पिल्लांना भरवणाऱ्या जोड्या दिसतात का, हेही पाहावं लागतं.

दुसरं म्हणणं सापाचं आणि बिबट्याचं. हे मी हसण्यावारी नेणार नाही. राईतून शाळेची वाट जाते, बायका पहाटे देवाला पाणी घालायला येतात, फुरसं आणि घोणस या भागात आहेत. वाटेच्या दोन्ही बाजूंना चार-चार हात आणि देवळाभोवती पंधरा-वीस फूट जागा स्वच्छ ठेवा, तिथं पाचोळाही राहू देऊ नका. यात्रेला सासनकाठ्या, पालखी यायची असेल तर त्यांचीही वाट मोकळी हवी. पण देवळासमोरची वीस फूट जागा आणि तीन एकर राई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भीती वीस फुटांची असते आणि कोयता तीन एकरांवर चालतो.

तिसरं म्हणणं, परकी झुडपं तरी काढायलाच हवीत हे, मात्र मला मान्य आहे, थोडी दुरुस्ती करून. सगळं गचपण सारखं नसतं. घाणेरी आणि रानमोडी ही दोन्ही परदेशातून आलेली झुडपं राईच्या कडेनं आत घुसतात आणि खाली कुणाला उगवू देत नाहीत. उन्हाळ्यात वाळून ती वणव्याला सरपणही पुरवतात. घाणेरीत बुलबुल राहतात, तिची फळं खातात आणि बी लांबवर पेरून येतात. म्हणजे पक्षी तिला वापरतात, तरी ती एकटीच माजली की बाकीचे थर दबून जातात आणि त्यांच्याबरोबर बाकीचे पक्षीही. ती काढायलाच हवी. फक्त एका दिवसात सगळी नको. एका हंगामात एक पट्टा, फुलायच्या आधी, मुळासकट. कोयत्यानं वरवर छाटली तर ती दुप्पट जोमानं फुटते हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. काढलेल्या पट्ट्यात करवंद, तोरण, गेळा, दिंडा, मुरुडशेंग, धायटी यांतलं जे त्या राईचं आहे ते येऊ द्या, येत नसेल तर लावा. ते गुडघ्याला लागलं की पुढचा पट्टा. सगळी घाणेरी एका दमात काढली तर त्या वर्षी बुलबुलालाही काही राहत नाही.

बांडगुळाचंही असंच आहे. झाडाला पिळून खातं म्हणून ते दिसलं की तोडलं जातं. आंब्याच्या बागेत तोडा, तिथं उत्पन्नाचा प्रश्न आहे. राईत थोडं असू द्या. फुलटोच्या नावाचा अंगठ्याएवढा पक्षी त्याच्याच फळांवर जगतो आणि त्याच्या फुलांवर शिंजीर येतात. राईला कुठं पेटी भरून माल बाजारात पाठवायचाय?

भुदरगड तालुक्यातल्या एका राईत गेल्या काही वर्षांत जीर्णोद्धार झाला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण असं काम करणारं ते एकटं गाव नाही. जेसीबीनं तळ सपाट झाला, पेव्हर ब्लॉक बसले, मधोमध उंच खांबावर मोठे दिवे आले. झाडं सगळी आहेत, त्यांच्याभोवती ग्रॅनाइटचे कट्टे आहेत. बसायला फार छान. पूर्वी ओढ्याच्या बाजूला शीळकरी कस्तूर पावसाच्या तोंडाला तासतासभर गायचा, माणूस शीळ घालतोय असं वाटावं इतका. आता ओढ्यालाही सिमेंटच्या भिंती आहेत. तो ओढ्याकाठच्या खडकाच्या कपारीत घरटं करतो, सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीत कपार कुठली? पैसा आमदार फंडाचा की भाविकांचा, या वादात मला पडायचं नाही. आराखडा करणाऱ्यांत कुणीतरी एकानं "हे असंच राहू दे" म्हणायला हवं होतं एवढंच.

आणि हे म्हणायची सोय आपल्याकडे होती. राईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा नियम आपल्या आज्यांनी पाळला. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि व्ही. डी. वर्तक या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना ठिकठिकाणी हेच निर्बंध आढळले. देवाच्या कोपाची भीती होती म्हणा, श्रद्धा होती म्हणा, त्या नियमानं राईचे सगळे थर राखले. पडलेलं खोड जागेवर कुजलं, त्यात वाळवी आणि भुंगेरे झाले, त्यांवर पक्षी जगले. फळं आणि मध खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना बहुतेक किडे-अळ्याच भरवतात. तो नियम आपण मोडला तोही देवाच्याच नावानं, सुशोभीकरण म्हणून.

आता झाडं लावणाऱ्यांकडे वळतो. राज्यात २०१६ साली दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. आकड्यांवरून भांडणं झाली, किती जगली यावरून झाली. लावलेल्या जागेचा आकार कसा आहे, तिथं किती थर आहेत, हे मात्र कुणी विचारलं नाही. घाटाकडच्या कितीतरी उतारांवर जुन्या लागवडीतली ऑस्ट्रेलियन बाभूळ उभी आहे. तिच्यात शिरून पाहा. एकाच वर्षी लावलेली, एकाच उंचीची झाडं, सरळ ओळी. वर एकसारखं छत, खाली चिवट पाचोळ्याचा जाड थर, मध्ये काही नाही. उपग्रहातून हिरवंगार दिसतं. सकाळी आत उभं राहिलं तर कोतवाल ओरडतो, एखादा वटवट्या टिकटिकतो, आणि मग बराच वेळ शांतता. निलगिरी, गिरिपुष्प, सिल्व्हर ओकच्या सलग लागवडीतही थोड्याफार फरकानं हेच. त्यांचे त्यांचे उपयोग आहेत, शेतकऱ्यानं बांधाला गिरिपुष्प जरूर लावावं. पण जंगल म्हणून एक जात, एक वय, एक उंची लावू नये.

लावायचंच असेल तर ओळी मोडा. पाच-सात जातींचे घोळके करा, मध्ये मोकळी जागा सोडा, त्या जागेत करवंद आणि कारवी आपोआप येऊ द्या. उंच होणारी झाडं आणि कमरेएवढी राहणारी झुडपं एकाच वेळी लावा. बऱ्याच ठिकाणी तर न लावणंच जास्त शहाणपणाचं. चराई आणि आग पाच वर्षं थांबवली की डोंगर स्वतःच झाकून घेतो. मिझोराममधल्या झूम शेतीनंतर (जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीनंतर) सोडलेल्या पडीक जमिनींवर पक्ष्यांचा अभ्यास झालाय, १९९८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पडीक जितकी जुनी आणि झाडोरा जितका वाढलेला, तितके रानातले पक्षी परतलेले. तिथं कुणी खड्डे मारायला गेलं नव्हतं.

आणि मसाई पठारासारख्या सड्यांवर कृपा करून झाडं लावायला जाऊ नका. तिथं गवत हाच थर. चंडोल आणि तिरचिमण्या उघड्यावर, गवताच्या बुडाशी घरटी करतात. चंडोल गातो तो आभाळात चढून. त्याला झाडाची गरज नाही, उलट झाडावर बसून घरट्यावर नजर ठेवणाऱ्या कावळ्याची सोय होते. राईला अनेक थर लागतात म्हणून सड्यालाही लागतात असं नाही.

वणव्याचं थोडक्यात. गवत चांगलं फुटतं म्हणून डोंगर पेटवायची सवय जुनी आहे, आणि भाताच्या तरव्यासाठी राब भाजताना निसटलेली आगही असते. राईच्या बाहेरून फेब्रुवारीच्या आत जाळरेषा (आग पुढं सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढून घेतली, तर आतला पाचोळा आत राहतो. तुमची तीस पोरं एक रविवार स्वच्छतेऐवजी जाळरेषेला द्या. तेच कोयते, तोच नाष्टा.

कापणी करायचीच असेल ती नोव्हेंबर ते जानेवारीत करा. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत कुठल्या ना कुठल्या थरात घरटी चालू असतात, आणि आपली श्रमदानं नेमकी यात्रेच्या आधी, एप्रिल-मेमध्ये पडतात. तारीख हलवायला पैसा लागत नाही.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. मोजून बघा, सोपं आहे. वीस फुटांचा एक सरळ वेळू घ्या, त्यावर दर तीन फुटांना ऑइलपेंटचा पट्टा मारा. राईत दोरी टाकून एक सरळ रेघ धरा आणि तिच्यावर दर दहा पावलांना वेळू उभा करा. कुठल्या पट्ट्याला पान, फांदी किंवा वेल टेकते ते वहीत लिहा. वेळूच्या वर पान आहे का ते मान वर करून पाहा. अशा तीस जागा झाल्या की कुठल्या उंचीला पाला किती ठिकाणी आहे, ते कागदावर येतं. दहावीतली पोरं हे दोन तासांत करतील, आणि आलेख काढायला त्यांना शिकवावंही लागणार नाही. शेजारच्या झाडलेल्या राईतही असंच करा.

पक्षी मोजायला उजाडायच्या वेळी जा. दोनशे पावलांच्या अंतरानं जागा ठरवा, प्रत्येक जागी दहा मिनिटं गप्प उभं राहा, पन्नास पावलांच्या आत जे ऐकू येईल आणि दिसेल ते लिहा. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर तो दिवस सोडा. दोन्ही राईंत एकाच माणसानं मोजावं, नाहीतर रायांमधला फरक न मोजता कानांमधला मोजाल. आवाज ओळखता येत नसेल तर कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन ॲप फुकट आहे. आंधळेपणानं त्याचं ऐकू नका मात्र. भृंगराज दहा पक्ष्यांच्या नकला करतो, आणि त्याच्या नादी लागून ॲप काय काय सांगेल याचा नेम नाही.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षिसप्ताह असतो, शाळांमध्ये तेव्हा उत्साह असतो, म्हणून मोजणीही तेव्हाच होते. करा, पण नोव्हेंबरात उत्तरेकडून आलेले हिवाळी वटवटे भेटतात आणि इथले गायक बहुतेक गप्प असतात. दुसरी मोजणी मेच्या शेवटच्या आठवड्यात हवी. सुट्टी असते, पोरं आंबे-करवंदाला राईत जातातच. अशा नोंदींना किंमत नसते असंही समजू नका. २०२३ मध्ये देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यात ९४२ जातींचा आढावा आहे आणि तो तीस हजारांच्या आसपास हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. त्या नोंदींत आपल्या तालुक्यांतल्या रायाही असायला काय हरकत आहे?

यात्रेच्या बैठकीत किंवा पुढच्या ग्रामसभेत एवढे विषय घ्या : राईचा कुठला भाग स्वच्छ ठेवायचा आणि कुठला सोडायचा याची खूण दगडांनी करणं, श्रमदानाची तारीख हिवाळ्यात नेणं, आणि जीर्णोद्धाराच्या आराखड्यात फरशी किती फुटांवर थांबते ते आधी लिहून घेणं. पट्टे मारलेला वेळू माझ्याकडे तयार आहे. भुदरगड-राधानगरीतल्या ज्या मंडळाला हवा असेल त्यांनी घेऊन जावा. मेमध्ये मोजायला मीही येईन, नाष्ट्याची सोय असो वा नसो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक आणि पक्षिनिरीक्षक
गारगोटी, जि. कोल्हापूर